झेल्याचा हात आणि शिडीचा शब्द

कलिंगड झेलायला कसली आलीय अक्कल, असं ज्याला वाटतं त्याने एकदा भरल्या ट्रकच्या मागच्या फाळक्यापाशी उभं राहून बघावं. वरचा माणूस पेंढ्यातून फळ उचलतो आणि खाली सोडतो, ते त्याच्या तालाने, तुमच्या सोयीने नाही. पहिलं ढिगावर जातंय न जातंय तोवर दुसरं हवेत असतं. हात ताठ ठेवाल तर मनगट कामातून जातं, सैल ठेवाल तर फळ छातीवर आदळतं. फळाबरोबर हात थोडे मागे न्यायचे, त्याचा जोर जिरवायचा आणि त्याच ओघात वळून, झोपलेलं पोर अंथरुणावर ठेवावं तसं ते ढिगावर ठेवायचं. हे कुणी शिकवून येत नाही. त्या फळबाजारात कितीतरी हमाल आले आणि गेले, पण 'झेल्या' हे नाव एकालाच मिळालं. आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव त्याखाली असं गाडलं गेलं की एकदा कुणीतरी त्या नावाने हाक मारली तर तो स्वतःच इकडेतिकडे बघायला लागला.

ट्रकवर उभा असायचा तो शिडी. उंच, हडकुळा, भिंतीला टेकवून ठेवला तर कुणीही वर चढून जावं असा. झेल्याचा तो मेहुणा, बायकोचा पाठचा भाऊ. पण नातं नंतरचं, जोडी आधीची. कामावर दोघांचं जमलं, तेव्हा शिडीनेच घरी जाऊन आईला सांगितलं होतं, ताईसाठी माणूस बघितलाय, हातातून काही निसटू देत नाही. बाकीचे फेकणारे प्रत्येक फळाला 'घे रे' म्हणून ओरडायचे. शिडी नुसता 'हं' म्हणायचा, तोही स्वतःशी, आणि खाली न बघता सोडून द्यायचा. जिथे सोडलं तिथे झेल्या असणार, हे त्याला बघून ठरवावं लागत नव्हतं. त्या एका 'हं'वर दोघांची जवानी गेली.

हाताचं पहिल्यांदा बायकोच्या लक्षात आलं. आठवड्याची भाजी आणायला दोघं निघाली होती. ती मागून चालत होती आणि एकदम म्हणाली की तुमचा डावा हात चालतो, उजवा नुसताच बरोबर येतो. झेल्या हसला. उजव्याने जन्मभर ओझी उचलली, आता जरा फुकट फिरू दे त्याला, म्हणाला. मग एकदा केस विंचरताना फणी कानापाशी जाऊन थबकली. मग चहात साखर ढवळताना चमचा पहिल्यांदा कपभर फिरला, मग निम्म्यात, मग मधल्यामध्ये, आणि शेवटी नुसता उभा राहिला. झेल्या त्या चमच्याकडे बघत बसला होता. हाताला म्हणत होता, फिर. हात ऐकत होता, पण एखाद्या अडेल कारकुनासारखं, बघू, करू, अशा थाटात.

खांदा आखडला असेल म्हणून तेल चोळून झालं. शेकून झालं. एका चोळणाऱ्याने तर असा काही पिळला की दुखत नव्हता तोही दुखायला लागला. ज्याला विचारावं त्याच्याकडे औषध तयार. उचलली जीभ लावली टाळ्याला. शर्टाची बटणं हळूहळू बायकोकडे गेली. ती लावून देताना थट्टा करायची, लग्नात एवढे जवळ उभे राहिला नव्हतात. थट्टा करत होती तोवर ठीक होतं.

कामावर गंमत वेगळीच झाली. कलिंगड झेलण्यात झेल्या कुठे कमी पडत नव्हता. वरून आलं की हात जायचे, पूर्वीसारखेच. घोडं पेंड खायचं ते पुढे. झेललेलं फळ घेऊन तो वळायचा आणि ढिगासमोर उभाच राहायचा. ठेवायचं आहे हे डोक्यात असायचं, हात काही उघडायचा नाही. शिडीचं पुढचं फळ हातात तयार, आणि खाली जागा रिकामी नाही. त्याला थांबावं लागायचं. फळ एकही फुटलं नाही, ताल मात्र तुटला. मागे गाड्या खोळंबायला लागल्या आणि बाजारात कुजबुज सुरू झाली, की झेल्या झेलतो पण ठेवत नाही, अंगचोरपणा करतो, आता त्याला मोठेपणा आलाय. शिडी फाळका लावताना तो एरवीपेक्षा जोराने आपटायचा.

शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रोगाला नाव दिलं. वयस्कर बाई, चष्मा कपाळावर ठेवून तोच चष्मा टेबलावर शोधणाऱ्या. त्यांनी झेल्याला समोर चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला लावली, मग त्याचा हात कोपरातून वाकवून पाहिला. हात सलग वाकेना, खटक खटक करत, दातेरी चाकासारखा वाकला. हा कंपवात आहे, पार्किन्सन म्हणतात तो, बाई म्हणाल्या. झेल्याने हात पुढे धरून दाखवला, कंप कुठे आहे? काहींना असतो, काहींना सुरुवातीला नसतोच, बाई म्हणाल्या. मेंदूच्या अगदी आत, तळाशी, काळसर पेशींचा एक बारीकसा पुंजका असतो. त्या पेशी एक रसायन तयार करतात, आणि त्या रसायनाच्या जोरावर हाताचा ब्रेक सुटतो. पेशी मरत गेल्या की वरून हुकूम निघतो, हात धडधाकट असतो, पण ब्रेक अर्धा लागलेलाच राहतो.

"कधीपासून मरतायत?" झेल्याने विचारलं.

बरीच वर्षं झाली असतील, बाई म्हणाल्या. निम्म्याहून जास्त गेल्यावरच हातावर दिसायला लागतं.

हे त्याला फार लागलं. म्हणजे तो बाजारात शाबासक्या घेत होता, शिडीबरोबर पैजा जिंकत होता, तेव्हाही आतल्या आत कुणीतरी त्याचा केसाने गळा कापत होतं, आणि ते कुणी परकं नव्हतं, त्याचंच डोकं होतं. शत्रूने केलं तर माणूस दोन हात करतो. इथे दोन हातांतलाच एक फितूर.

बाजारात हमालांचं एक मंडळ होतं, आणि मंडळाची एक जुनी रीत. अंग थकलं, कंबर गेली, तर हमालाला बैठं काम द्यायचे, फाटकाजवळ स्टुलावर बसून गाड्या आत सोडायचं. पण ते डॉक्टरच्या कागदावर मिळत नसे. पूर्वी एकाने पाठीचा कागद आणला होता आणि पुढच्याच महिन्यात शेजाऱ्याचं कपाट एकट्याने जिन्यावरून चढवताना सापडला. तेव्हापासून ठरलं होतं, की कागद नको, जोडीदाराचा शब्द पाहिजे. जो माणूस रोज तुमच्या घामाला घाम लावून उभा राहिला तो सांगेल तुमचं अंग गेलं की नाही. जोडीदार हो म्हणाला तर बैठं काम, नाही म्हणाला तर कामचुकार ठरून बाजाराबाहेर. रीत तशी शहाणपणाची होती. माणसं तिला पुरी पडली तर.

झेल्याने बैठं काम मागितलं, तेव्हा त्याला धास्ती नव्हती. जोडीदार शिडी म्हटल्यावर धास्ती कसली? मंडळ बसायच्या आदल्या संध्याकाळी शिडी घरी आला होता. बहिणीने वाढलेलं पोटभर जेवला, पानावरून उठताना झेल्याच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला की उद्याची काळजी सोडा दाजी, मी आहे ना. बहिणीने त्याच्या हातावर पाणी घातलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. भाऊ असावा तर असा, ती नंतर म्हणाली.

सकाळी झेल्या जरा लवकरच बाजारात पोचला. काम थांबवून औषध सुरू केल्याला काही दिवस झाले होते, बरं वाटत होतं. शिडी ट्रकवर होता, दुसऱ्या कुणाबरोबर माल उतरवून झाला होता आणि चार-दोन फळं राहिली होती. झेल्या फाळक्याखाली उभा राहून इकडचं तिकडचं बोलत होता. शिडी पाठमोरा होता. तो वळला आणि 'हं' न म्हणता, काहीच न म्हणता, एक चांगलं वजनदार कलिंगड त्याने झेल्याच्या अंगावर सोडलं.

झेल्याने झेललं. दोन्ही हातांनी, छातीच्या वर, जोर जिरवून, जसं आयुष्यभर झेललं तसं. आधी त्याला कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा तो हरखला. समोरच्या टपरीतल्या चहावालीला हाक मारून म्हणाला, बघितलंस का, आला परत माझा हात. त्याला वाटलं औषध लागू पडलं, वाटलं शिडीने मुद्दाम, त्याला हुरूप यावा म्हणून टाकलं. ते फळ पोटाशी धरून तो हसत उभा राहिला. शिडी ट्रकच्या पलीकडच्या बाजूने उतरून केव्हाच निघून गेला होता. जाताना त्याने मागे वळून पाहिलं असतं तर त्याला दिसलं असतं, की झेल्याला ते फळ खाली ठेवता येत नव्हतं. शेवटी चहावालीनेच ते त्याच्या हातांतून काढून घेतलं.

मंडळ गोदामाच्या माडीवर बसलं. मुकादम मधे, म्हातारे हमाल भिंतीकडेने. मुकादमाने रीतीप्रमाणे शिडीला उभं केलं आणि विचारलं की तुझ्या जोडीदाराचा हात गेला आहे का. झेल्या बसल्या जागी शर्टाच्या टोकाशी चाळा करत होता. उत्तर त्याला ठाऊक होतं, म्हणून तो नीट ऐकतही नव्हता.

"हात शाबूत आहे," शिडी म्हणाला. "सकाळी मी न सांगता फळ टाकलं. झेललं त्यांनी. पूर्वीसारखं."

झेल्याने मान वर केली आणि शिडीकडे पाहिलं. शिडी मुकादमाकडे बघत होता. मुकादमाने झेल्याला विचारलं, हे खरं का? खरं होतं. झेल्या खोटं कसं सांगणार? तो म्हणाला, झेललं, पण… आपण कसं झेललं हे त्यालाच माहीत नव्हतं. हातच्या काकणाला आरसा कशाला, मुकादम म्हणाला, आणि भिंतीकडेचे म्हातारे गालांत हसले. तरी झेल्याच्या इतक्या वर्षांकडे बघून मुकादमाने निकाल पुढच्या बैठकीवर टाकला. तोपर्यंत त्याने कामावर यावं, नाहीतर काय ते नीट सांगावं.

जिन्यात झेल्याने शिडीला गाठलं. राग यायला हवा होता, पण आधी आलं ते रडू. काल माझ्या घरी जेवलास, एवढंच तो म्हणाला. शिडीही शांत नव्हता. मी काय खोटी साक्ष देऊ, तो म्हणाला. तुम्ही झेलता, मला दिसतंय तुम्ही झेलता, आणि तुम्हाला माझ्याबरोबर उभं राहायचं नाही. कंटाळलात तर तोंडावर सांगायचं. आजाराचं सोंग कशाला? मला रोज एका धांदरटाच्या हातात माल टाकायला लावलंत, रोज फळं फुटतात, लोक मला हसतात.

म्हणजे दगा आपल्यालाच झाला, असं शिडीलाही वाटत होतं. हे झेल्याच्या ध्यानात आलं, पण त्याने दुखायचं थांबलं नाही. उलट वाढलं. इतकी वर्षं ज्याने त्याच्याकडे न बघता फळ सोडलं, त्याला आज त्याच्या शब्दावर एवढाही भरवसा नव्हता.

घरी सांगितलं तेव्हा बायको आधी भावावर भडकली. घरचाच भेदी निघाला, म्हणाली. आपलेच दात, आपलेच ओठ. पण आपलं माणूस एक गोष्ट बोललं की ती घरात राहते, केर काढून निघत नाही. दोन-तीन दिवस ती बटणं लावून देत होती, पण थट्टा नव्हती. मग एका दुपारी ताटं मांडताना तिच्या कोपराचा धक्का लागून काचेचा पेला ओट्याच्या कडेवरून निसटला. झेल्या शेजारीच बसला होता. पेला जमिनीला लागायच्या आत त्याच्या उजव्या हातात होता.

त्याला पेल्याचं काही वाटलं नाही. त्याने बायकोकडे पाहिलं. तिच्या तोंडावर शिडीचंच तोंड उमटलं होतं.

"मग बटणं का लावून घेता माझ्याकडून?" ती म्हणाली.

तिने हे चिडून विचारलं नाही, तेच वाईट होतं. अगदी हळू विचारलं, जणू उत्तर काहीही आलं तरी चालवून घेईन. झेल्याने पेला धरलेला हात तिच्यापुढे केला. बघ, ठेवता येत नाही मला, तो म्हणाला. तिने पाहिलं, पण न ठेवणं तर कुणालाही जमतं. त्या रात्री तो भिंतीकडे तोंड करून पडला आणि त्याच्या मनात आलं, की हे म्हणतात तेच खरं असेल तर? मीच सोंग करत असेन आणि मलाच पत्ता नसेल तर? स्वतःच्या हाताने माणसाला खोटं पाडलं की तो दाद मागणार कुणाकडे?

दुसऱ्याच दिवशी बायको त्याला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. तिलाच जायचं होतं, तिला त्या संशयातून सुटका हवी होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग टेबलाच्या खणातून रबराचा चेंडू काढला. आधी झेल्याला म्हणाल्या, उजवा हात छातीपर्यंत उचला. हात निघाला, रेंगाळला, कसाबसा अर्ध्यावर आला. खाली घ्या, बाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता चेंडू टाकला. हात गेला आणि चेंडू त्यात बसला. बायकोने तोंडावर पदर धरला.

याला वाटा दोन आहेत, बाई म्हणाल्या. आपल्या मनाने हात उचलायचा, ठेवायचा, बटण लावायचं, चमचा फिरवायचा, याचा हुकूम त्या आतल्या पुंजक्याच्या वाटेने जातो. ती वाट यांची बुजत चालली आहे. पण समोरून काही येताना दिसलं, तर हाताला दुसऱ्या वाटेने निरोप जातो, डोळ्यांकडून, डोक्याच्या मागच्या लहान मेंदूकडून. ती अजून चालू आहे. हे असंच का, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. पण असे रोगी आहेत ज्यांना खोलीतून चालत बाहेर येववत नाही, आणि जमिनीवर पट्टे आखले तर पट्टे बघून चालतात. सगळा खेळ डोळ्यांचा. दिसलं नाही तर ही वाट उघडायची नाही.

"म्हणजे हे सोंग नाही," बायको म्हणाली.

बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि तिच्याकडे पाहिलं. नाही, म्हणाल्या. आणि कधी झेलतील, कधी नाही झेलणार. पुढे पुढे तेही कमी होईल.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर बायको त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन बसली. माफी मागितली, रडली. झेल्याने डाव्या हाताने तिची पाठ थोपटली. त्याचा तिच्यावर राग नव्हता. तिने विचारलं होतं, न विचारता निकाल दिला नव्हता. त्याला आता एकच ध्यास लागला होता, शिडीला हे सांगायचा. बैठं काम मिळो न मिळो. त्या माणसाने एकदा म्हणावं, दाजी, तुमचं खरं होतं.

पुढच्या बैठकीला तो सगळं घोकून गेला. उभा राहिला आणि जमेल तसं सांगितलं, पुंजका, ब्रेक, दोन वाटा. डॉक्टरीणबाई लिहून द्यायला तयार होत्या, पण इथे कागद चालत नाही हे त्याला माहीत होतं. म्हातारे कान देऊन ऐकत होते. मग एकजण म्हणाला, म्हणजे झेलायचा रस्ता उघडा आणि ठेवायचा बंद? माझ्या पोराचं असंच आहे, खायचा रस्ता उघडा आणि कामाचा बंद. माडी हसून हसून लोटपोट झाली. मुकादमही हसला, मग गंभीर होऊन म्हणाला की झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार.

झेल्या शिडीकडे बघत होता. शिडी हसत नव्हता. सगळ्या माडीवर तो एकटा हसत नव्हता, आणि क्षणभर झेल्याला वाटलं, याला कळलं. याला कळलं असणारच.

शिडी उठला. "मी परत एकदा टाकतो," तो म्हणाला. "सगळ्यांच्या देखत. दाजींच्या हातून फळ पडलं तर मी माझा शब्द मागे घेतो."

सगळे खाली उतरले. ट्रक उभाच होता. चहावालीच्या टपरीशी झेल्याची बायको उभी होती. तिला वाटलं निकाल लागला, ती दोन पावलं पुढे आली आणि थांबली. शिडी वर चढला. झेल्या आपल्या जागी जाऊन उभा राहिला, जिथे पायाखालची फरशीसुद्धा त्याच्याच टाचांनी झिजली होती. भोवती माणसांचं कडं पडलं. शिडीने पेंढ्यातून एक फळ उचललं, हातावर तोललं, आणि खाली पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, टाकायच्या आधी त्याने झेल्याकडे पाहिलं.

ते बघणं झेल्याला सहन झालं नाही. ते जोडीदाराचं बघणं नव्हतं. चोर पकडायला बसलेल्या माणसाचं होतं. झेल्याला लख्ख कळलं की आपण हे फळ झेलणार. हात जाणार. आणि झेललं की आपण खोटे. जे खरं आहे ते जन्मभर सांगत बसलो तरी हा माणूस ऐकणार नाही, कारण त्याला ऐकायचं नाहीये, बघायचंय. मग त्याला जे बघायचंय ते बघू दे.

"हं," वरून आवाज आला.

झेल्याने नजर खाली घातली आणि आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत राहिला. फळ त्याच्या गळ्याखालच्या हाडावर आदळलं, तो मागे कलंडला, आणि ते त्याच्या पायांशी पडून फुटलं. लाल गर फरशीभर झाला. हात दोन्ही बाजूंना जिथे होते तिथेच होते.

झेल्याच्या हातून फळ पडलेलं त्या बाजारात कुणी बघितलं नव्हतं. अरे, गेला की याचा हात, मुकादम पुटपुटला, आणि मघाशी पोराचा विनोद करणारा म्हातारा डोळे पुसायला लागला. दोघा-तिघांनी झेल्याला सावरलं, कुणी पाणी आणलं, कुणी म्हणालं उद्यापासून फाटकावर बस बाबा. बायको तेवढी टपरीपाशीच उभी होती. तिने त्याची खाली घातलेली नजर पाहिली होती, आणि ती का घातली हे त्या बाजारात तिला एकटीला कळलं होतं.

आपण अगदी खरं बोललो तेव्हा हे सगळे हसले, झेल्याच्या मनात आलं. आयुष्यात एकदाच लबाडी केली, आणि आता पाणी पाजतायत.

शिडीने ट्रकवरून उडीच मारली. गरात त्याचा पाय घसरला, तसाच धडपडत आला आणि झेल्याच्या गळ्यात पडला. एवढा लांबलचक माणूस वाकून, त्याच्या खांद्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागला. फळ लागलं होतं तिथेच त्याचं डोकं दाबत होतं आणि झेल्याला कळ येत होती.

"चुकलो दाजी," शिडी म्हणत होता. "आता पटलं मला. तुमचं खरं होतं."

हेच ऐकायला झेल्या इतके दिवस तळमळत होता. शिडीने त्याला आणखी घट्ट धरलं. भोवतीची माणसं बघत होती की आता झेल्याही त्याला जवळ घेईल, मग कुणाला तरी आठवलं की बिचाऱ्याचा हात उठत नाही, आणि त्यांनी माना फिरवल्या. उजवा हात उठणारच नव्हता. डावा चांगला होता. तोही त्याने उचलला नाही.